न्हाऊन आलेलं डोकं

त्र्याऐंशी सालच्या रामनवरात्रातली गोष्ट. संध्याकाळी महाल भागातल्या राममंदिरात नारदाच्या गादीवर उभं राहून शामलेला आयुष्यातलं पहिलं कीर्तन करायचं होतं, आणि भर दुपारी ती धरमपेठेत पुष्पलताच्या पार्लरमधे खुर्चीवर अंग चोरून बसली होती.

आख्यान तोंडपाठ होतं, गळाही साथ देत होता. भीती एकच, केसांची. मागल्या चैत्रात ती आपल्या गुरूंच्या, महादेवराव बुवांच्या मागे झांजा घेऊन उभी राहिली, तेव्हा पुढच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या होत्या. "सुगरणीचं घरटंच हाय वं पोरीच्या डोक्यावर!" केस होतेच तसे. दाट, बारीक कुरळे, कंगव्याचे दात मोडणारे. मागे झांज वाजवणारीला हसले तर चालून जातं. पण गादीवरच्या माणसाला पहिल्याच पदाला हसले, की कीर्तन तिथंच बसलं. मग मंदिरवाले पुन्हा कशाला बोलावतात?

"बोल लवकर," पुष्पलता म्हणाली. "चिमटा तापवू का मलम लावू?"

चिमटा लोखंडी, स्टोव्हवर तापवायचा. मलम केस सरळ करायचं, तिच्या नणंदेनं दुबईहून आणलेलं, पांढरं, नाकात झिणझिण्या आणणारं.

"चिमट्यानं किती वेळ सरळ राहतीन?"

"घाम येईस्तोवर. अन् तू तं नाचशीन! उत्तररंगापर्यंत सारे केस पुन्हा उभे. मलमाचं तसं नाही, महिने टिकते. पण काल सांगतलं होतं ना तुले, डोक्यावरून पाणी नको घेऊ म्हणून? घासलेल्या डोक्याले हे मलम जाळते. नाही न्हाली ना?"

शामला सकाळीच शिकेकाईनं खसाखसा चोळून न्हाली होती. देवापुढे उभं राहायचं आणि डोक्यावरून न न्हाता? मनच धजेना. पण खरं सांगावं तर पुष्पलता मलमाचं झाकणही उघडणार नाही.

"नाही," ती म्हणाली.

रामाचे गुण गायला निघालेली पोर रामाच्याच दिवसांत खोटं बोलली.

मलम डाव्या बाजूनं लागू लागलं. आधी गार वाटलं. मग मुंग्या आल्या. मग कानामागे कुणी ओली मिरची वाटून लावावी तशी आग उठली. शामलेनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"अवं, डोळ्यांतून पाणी काहून?"

"आख्यान आठवलं."

"मोठी भक्तीण!"

आग विसरायला तिनं पहिलं पद मनाशी धरलं आणि हळूच गुणगुणून पाहिलं. सूर लागेना. दात आवळले गेले होते, आवाज फाटून बाहेर येत होता. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. केस सरळ होतील, पण गायचं कशानं?

"पुष्पाताई, धुवा! सकाळी न्हाऊन आली मी!"

"येडी हाय का वं तू!" पुष्पलतानं तिला नळापाशी ओढलंच. तांब्यावर तांब्या ओतत ती शिव्या देत होती आणि रडतही होती.

आरशात पाहिलं तर डावी बाजू चपटी, सुतासारखी लोंबलेली. कानामागे लालभडक चट्टा. उजवी बाजू जशीच्या तशी उभी.

"उजवीले चिमटा..."

"आता डोक्याजवळ गरम नेलं तं फोड येतीन. घरी जा, कीर्तन राहू दे."

शामलेनं डोक्यावरून पदर घट्ट आवळला आणि थेट मंदिर गाठलं.

पूर्वरंग रंगला. घाम कानामागे उतरत होता, झोंबत होता, पण सूर हलला नाही. मग मध्यंतर झालं आणि बुवा बुक्का अन् हार घेऊन उठले. शामलेनं पदर आणखी आवळला. हार डोक्यावरूनच घालावा लागतो.

"पदर घे खाली, पोरी."

"बुवा, हातात द्या ना."

"गादीवरच्या माणसाले हार गळ्यातच घालतात. हा नारदाचा मान हाय, तुहा नाही."

तिनं डोळे मिटले आणि पदर खाली ओढला.

पुढच्या रांगेत फिस्सकन कुणी हसलं आणि बघताबघता सारा मंडप हसू लागला. बुवांचा हात हारासकट अधांतरी राहिला. शामलेनं मान झुकवून हार घेतला.

"हसून घ्या, मायबाप," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण सुरात होता. "आज दुपारी खोटं बोलली मी, तेही रामाच्या कीर्तनापायी. त्याचा प्रसाद हाय हा."

हसू ओसरलं. पुढची एक म्हातारी सरसावून बसली.

"काय बोलली वं? सांग तरी!"

"सांगते, आजी." शामलेनं चिपळ्या उचलल्या, तबलजीकडे पाहिलं आणि तिथूनच उत्तररंगाच्या कथेला सुरुवात केली.