खुशालरावांच्या टीव्हीमागची डबी

खुशालरावांनी मला स्वतः बोलावलं, हे आधीच सांगून ठेवते. नंतर लोक म्हणाले, दामिनीनं डाव साधला. साधलाच. पण पत्ते त्यांनीच हातात दिले.

दर्यापुरात माझं टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हाताच्या पंजात मावणारा एक छोटा कॉम्प्युटर मी लोकांच्या टीव्हीमागे चिकटवून देते. मग सिनेमे, गाणी, घरातले फोटो, सगळं हॉलमधल्या पडद्यावर. गावात त्याला डबी म्हणतात. खुशालराव आमच्याच गावचे, बियाण्यांचे दुकानदार. लेकीचं साक्षगंध होतं, साखरपुड्याला अकोल्याची मुलाकडची मंडळी यायची होती, आणि त्यांच्यासमोर घराण्याचा थाट टीव्हीवर फिरता ठेवायचा होता.

"तुह्या बापाचं मनात नको ठेवू पोरी," ते म्हणाले. "बोलून गेलतो तवा."

बोलून गेले होते! गावात ट्रॅक्टर आले तरी पेरणीची पहिली मूठ माझ्या बाबांचीच, नत्थुजींचीच असायची, ती लाभते म्हणून. तीन वर्षांपूर्वी यांच्या दुकानातलं सोयाबीन उगवलंच नाही, तेव्हा हे भर पारावर म्हणाले, "बियानं चोख होतं. नत्थुजीची मूठ बाधली." होरपळलेल्या गावाला राग काढायला कोणीतरी हवंच होतं. तेव्हापासून बाबांना कोणी पेरणीला बोलावलं नाही. पुंजारामकाकांनीही नाही, आणि ते तर बाबांचे लंगोटीयार. मृग लागला की बाबा घरातून बाहेर पडेनात. मला ते बघवत नसे.

तरी मी गोड हसले. "नाही जी काका."

त्यांनी मोबाइल पुढे केला. "याच्यातले सारेच फोटो टाक."

"निवडून देता का? तीन हजार आहेत."

"मले मरायले फुरसत नाही. सारे म्हनलं ना!"

फोटो डबीत उतरत होते आणि मी बघत होते. तीर्थयात्रा, नवी गाडी, बारसं. मग ते अकरा आले. त्यांचंच गोदाम. जमिनीवर बाजारातल्या सोयाबीनचा ढीग, शेजारी कंपनीच्या छापाच्या रिकाम्या थैल्या, आणि भरलेल्या थैलीचं तोंड शिवणारे खुशालराव. थैल्या पुरवणाऱ्याला दाखवायला काढले असतील. कोपऱ्यात तारीख त्याच वर्षाची, मृगाच्या आठ दिवस आधीची.

म्हणजे बाजारातलं साधं सोयाबीन त्यांनी बियाणं म्हणून गावाला विकलं होतं. पण बाबांची लेक आहे, खोट नको म्हणून पुन्हा विचारलं, "काका, गोदामातलेबी राहू देऊ?"

"राहू दे. व्याह्याले दिसलं पाह्यजे, केवढं गोदाम हाय ते."

मग मी एवढंच केलं, त्या अकरांच्या चार-चार प्रती करून ठेवल्या. जरा जास्त वेळ दिसावेत.

साक्षगंधाला अख्खं गाव होतं. बाबांना मी ओढूनच आणलं होतं. ते दाराशी, चपलांजवळ बसले. पडद्यावर गाडी गेली, बारसं गेलं आणि ढीग आला. "गोदाम मोठं आहे जी," व्याही म्हणाले. पुढच्या फोटोला पुंजारामकाका हातातला लाडू तसाच धरून टीव्हीपाशी गेले आणि तारीख मोठ्यानं वाचली. सारेच उठून टीव्हीभोवती जमले.

"बंद कर ते!" खुशालराव ओरडले.

"तुमीच सारे म्हनलं होतं ना काका?"

गर्दीतून वाट काढत त्यांनी वायर उपटली, तेव्हा अकराही दाखवून झाले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? फक्त त्यांच्या लेकीकडे मी पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही.

पुंजारामकाका दाराशी गेले, बाबांचा हात धरला. "नत्थू, चुकलो आमी. यंदा पयली मूठ तूच टाक."

मला वाटलं, आता बाबा रडतील. बाबांनी हात सोडवून घेतला.

"खुशालनं थैली शिवली. पन माही मूठ बाधते हे मानलं कोनं? तू मानलं, पुंजाराम. आता आपापल्या वावरात आपापली मूठ टाका."

त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. मी एकट्या खुशालरावांवर सूड उगवायला गेले होते. बाबांनी अख्ख्या गावावर उगवला.