पेढा कोणाला चावतो

पेढ्याने गेनबांचं बोट धरलं ते सोडेच ना.

"आयला! अरं सोडवा याला कुणीतरी!" म्हणत त्यांनी हात झटकला. तसा तो पिवळसर गिनी पिग बोटाला लटकून उचलला गेला आणि धपकन सतरंजीवर पडला. गेनबांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर रक्त टपकलं. आठ वर्षांची ऋतिका नातीच्या हक्काने मध्ये धावली, तर पेढ्याने तिच्याही अंगठ्याला दात लावले आणि तो सोफ्याखाली घुसला. तिथून त्याचं दात वाजवणं सुरू झालं. मूठभर जीव, पण आव बघा!

"थांबा, मामा. तुम्हाला नाही जमायचं," म्हणत जावई उठला. रणजितने सोफ्याखाली हात घातला मात्र, दातांचा आवाज बंद झाला. हात बाहेर आला तेव्हा पेढा तळव्यावर पसरला होता. अगदी गरीब गाय.

"बघा. चार महिने झाले आणून. घरात सगळ्यांना चावतो, मला एकदा तरी चावलाय का, विचारा हिला."

रणजितचे चुलते रंगराव पानाची पिंक टाकून खिडकीतून वळले. ही सोयरीक त्यांनीच जुळवली होती. "जनावराला बरोबर कळतंय बघा, गेनबा, कोण कसं हाय ते. माणूस खोटं बोलंल, हे कशाला बोलंल?"

स्वयंपाकघराच्या दारात गेनबांची लेक तनुजा उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पेढा तिलाही चावायचा, हे खरंच होतं.

गेल्या आठवड्यात ती खराडीचा फ्लॅट सोडून लेकीसह मांजरी गावी बापाकडे आली होती. फोनवर ती ऑफिसातल्या कोणाशीतरी हसून बोलली, एवढंच निमित्त. रणजितने तिचा पंजा कपाटाच्या दारात धरला आणि दार लोटलं. एकदा लोटून भागलं नाही म्हणून पुन्हा लोटलं. आता घरात कोणी पापड मोडला तरी तिला तो आवाज ऐकू येई. रणजितचं म्हणणं, दार वाऱ्याने लागलं. सहाव्या मजल्यावर वारा असतोच, त्यात त्याचा काय दोष?

आज बैठक होती. लेकीला परत धाडायची की ठेवून घ्यायची, ते दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी समोरासमोर बसून ठरवायचं, ही त्यांच्यातली रीत. पोलीस, वकील ही नावं गेनबांच्या ओसरीवर कोणी काढत नसे. ते जा म्हणाले, तर तनुजाला जावं लागणार होतं, आणि गेलं तर पुढच्या वेळी नुसत्या हातावर भागणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि हा पठ्ठ्या येताना सफरचंदं आणि पेढ्याचा पिंजरा घेऊन आला! लेकीला आठवण येत असेल म्हणे.

तिला सगळ्यात जास्त लाज वाटे ती पेढ्याच्या चावण्याची. पेढ्याला गाजर देताना तो कचकन चावला, की ती मनात म्हणे, मेल्या, तुलाही तोच गोड वाटतो का? आणि मग एकेकदा वाटे, खरंच आपल्यातच काही खोट असेल. नाहीतर मुकं जनावर असं का करेल?

"मी चुकत नाही असं म्हणतच नाही, मामा," रणजित म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. अंगठा पेढ्याच्या पाठीवरून फिरत होता. "पण राक्षस असतो, तर हा असा बसला असता का माझ्या हातात?"

गेनबा बोट चोखत राहिले. लेकीच्या हाताकडे त्यांनी बघितलं नाही.

"तने," ते शेवटी म्हणाले, "बॅग भर."

"अण्णा..."

"भर म्हणलं ना. नवराबायकोत व्हतंय थोडंफार."

तनुजा आत वळली. मागे रणजितने पेढ्याला सतरंजीवर ठेवलं. तो ठेवला तिथेच पडून राहिला.

"झोपलं की रं हे," रंगराव हसले.

"नाही झोपला," ऋतिका म्हणाली. तनुजा थबकली. पोर आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडत होती. "डोळे उघडे आहेत, बघा. बाबांनी धरलं की तो मेल्यासारखं करतो. आजोबा, तुम्हाला चावला ना, कारण तुम्ही सोडता. मीपण सोडते. आईपण."

"म्हंजी?"

"पहिल्या दिवशी तो बाबांना चावलेला. आई खाली भाजी आणायला गेली होती. बाबांनी त्याला बाथरूमच्या भिंतीवर फेकलं. मग उचलून बोट पुढे केलं. तो परत चावला, मग परत फेकलं. तो चावायचा थांबला तोपर्यंत."

"ऋतू," रणजितने हाक मारली. आवाज चढवला नव्हता, उलट आणखी मऊ केला होता. "इकडे ये, बाळा."

आणि ऋतिका गेली. ताबडतोब गेली. त्याच्या शेजारी गुडघ्याला गुडघा लावून, हात मांडीत घेऊन बसली. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला.

"गोष्टी रचायची फार हौस आहे हिला. शाळेतही बाई हेच म्हणतात. हो ना, ऋतू?"

"हो, बाबा."

तिची पापणी लवत नव्हती. गेनबांनी खाली सतरंजीवरच्या पेढ्याकडे बघितलं, मग वर नातीकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू काळवंडला.

"जावईबापू, पोरीच्या मानेवरचा हात काढा."

"माझी मुलगी आहे, मामा."

"काढ म्हणतो ना, भडव्या!"

म्हातारा असा उसळला की टीपॉय उलटला आणि कपबश्यांचा चुराडा झाला. त्यांनी जावयाची गचांडी धरली. रणजितने मागचापुढचा विचार न करता ठोसा हाणला, सासऱ्याच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत. गेनबा भिंतीवर आदळले, ओठ फुटला, पण मुठीतली कॉलर त्यांनी सोडली नाही. रणजितने दुसरा हाणला, तिसराही हाणला. शेवटी रंगरावांनीच पुतण्याला मागून कवेत घट्ट धरलं आणि ओढत ओसरीवर नेलं. "अरं, म्हातारं माणूस हाय ते! लाज वाटती का तुला?" एवढं म्हणून त्यांनी त्याच्या थोबाडीत एक दिली. "एकेकाला बघून घेईन," असं बाहेरून ऐकू आलं, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

गेनबांनी दाराला कडी घातली आणि पाठ टेकून तिथेच खाली बसले. जुन्या धोतराच्या फडक्याने त्यांनी तोंड पुसलं.

"चुकलो गं, तने," ते म्हणाले. "बॅग भरू नको."

तनुजा फुटक्या कपांवरून धावत सोफ्यापाशी गेली आणि डाव्या हाताने तिने लेकीला छातीशी ओढलं. क्षणभर पोर लाकडासारखी ताठ होती. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तनुजाने कधी ऐकला नव्हता. ऋतिका आईला मारायला लागली, मुठींनी, पायांनी, सापडेल तिथे.

"आधी का नाही आणलंस! आधी का नाही आणलंस मला!"

आणि तिने आईच्या खांद्यात दात रोवले.

"अगं ए, आईला चावतीस व्हय!" गेनबा धडपडत उठले.

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्लाउजवर रक्ताचा डाग पसरत होता. तिने लेकीचं डोकं आणखी जवळ घेतलं.

"राहू द्या, अण्णा," ती म्हणाली. "चावू दे तिला."