छातीवरचा नमदा

मी एक जुना रेडिएटर आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माणसांवर माझा राग आहे. तो ऐकायचा नसेल तर इथूनच मागे फिरा.

पितळेच्या बारीक नळ्या जोडून मला घडवलं. एका करड्या गाडीच्या नाकाशी बसून मी अठरा वर्षं मंगोलियाचं माळरान तुडवलं. इंजिनाचं तापलेलं पाणी माझ्यात यायचं आणि समोरच्या वाऱ्यावर मी ते निववायचो. गाडीचा मालक नामसराय माझ्या फटींत अडकलेले टोळ काडीने काढायचा आणि म्हणायचा, "हा आहे म्हणून आपण घरी पोचतो." पुढे त्याला काचबिंदू झाला आणि गाडी त्याचा मुलगा चोइजिल आणि जावई रदना अशा दोघांत गेली. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य!

आमच्याकडे हिवाळ्यात इंजिन गारठू नये म्हणून गाडीच्या पुढच्या जाळीच्या मागे, माझ्या छातीवर, दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा बांधतात. बर्फ वितळू लागलं की तो काढायचा. त्या वर्षी चोइजिलला वाटलं रदना काढील, रदनाला वाटलं चोइजिल काढील. धूळ बसून नमदा जाळीच्याच रंगाचा झाला आणि माझा श्वास कोंडला.

राजधानीचे डोळ्यांचे डॉक्टर एका दिवसासाठी जिल्ह्याच्या गावी आले होते. नामसरायच्या डाव्या डोळ्यात थोडा उजेड उरला होता. शस्त्रक्रिया त्याच दुपारी झाली नाही तर तोही जाणार होता. आम्ही पहाटे निघालो आणि खिंडीच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला.

"पंप गेलाय," रदना म्हणाला.

"पंप कसला! खाऱ्या तळ्याचं पाणी कुणी पाजलं याला? आतून चोंदलंय हे डबडं." चोइजिलने माझ्या कडेला पान्याचा दणका हाणला.

"मेव्हणे, तुम्हाला धड खोगीर कसता येत नाही, इंजिन कशाला हुंगताय?"

त्यांनी पट्टा पाहिला, नळ्या दाबल्या. समोर येऊन वाकायला मात्र एकालाही सुचलं नाही. मी ओरडू शकलो असतो तर दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

"मला पुढे न्या रे," गाडीतून म्हातारा म्हणाला. "हात लावून बघतो."

"बाबा, गप बसा. दिसत नाही तर बघणार काय?"

रदनाने माझं गरम झाकण फिरवलं, वाफेने हात भाजून घेतला आणि ओढ्याचं बर्फाळ पाणी बादलीभर आणलं.

"निवू द्यायचं का थोडं?" त्याने विचारलं.

"ओत रे! डॉक्टर काय तुझ्यासाठी थांबणारेत?"

त्याने ओतलं. इंजिन तडकलं, तो आवाज मी अजून विसरलो नाही. तेलात पाणी उतरलं आणि तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला.

मग म्हातारा स्वतःच उतरला. पत्रा चाचपत पुढे आला, जाळीत बोटं घातली आणि नमद्याचा कोपरा ओढून काढला.

"माझे डोळे गेले म्हणून डॉक्टरकडे निघालो होतो," तो म्हणाला. "तुमचे कधी गेले?"

"हे रदनाचं काम होतं."

"मेव्हण्यांचं होतं!"

त्या दिवशी खिंडीत दुसरं वाहन फिरकलं नाही. दुसऱ्या सकाळी एका मेंढपाळाने म्हाताऱ्याला मोटारसायकलवर नेलं, तेव्हा डॉक्टर निघून गेले होते.

आता मी तंबूमागे गंजत पडलोय. मित्रांनो, यंत्र तापलं तर आधी ते निवू द्या आणि वाकून नीट बघा. शिव्या, दणके आणि पाणी यांना नंतर वेळ असतो. ज्याला हात लावून बघायचंय, त्याला बघू द्या.

नामसरायला आता काहीच दिसत नाही. रोज सकाळी त्याला हाताला धरून बाहेर आणावं लागतं.

"आज तुझी पाळी," चोइजिल म्हणतो.

"काल मीच आणलं होतं, मेव्हणे. आज तुमची."

म्हातारा दाराच्या आत उभा राहून ऐकत असतो.