हिरव्या दोऱ्याचं बटण

"हात काढ बघू जरा."

मुलीला भाषा कळली नाही, सूर कळला. गळ्याशी धरलेली मूठ तिने आणखी आवळली आणि ती बाकावर मागे सरकली.

खरं तर शिवणबाईंना बघायची गरजच नव्हती. त्या मुठीखाली एक पांढरं बटण होतं आणि ते हिरव्या दोऱ्याने लावलेलं होतं. त्यांनीच लावलं होतं, काल, डोंगराखालच्या शाळेत. पांढरं रीळ मुक्कामी राहिलं होतं, म्हणून हाताला आला तो दोरा ओवला होता. आणि आज डोंगरावरच्या या दुसऱ्या शाळेत, त्याच सदऱ्यावर इथल्या गणवेशाचा निळा झगा चढवून तीच पोर बसली होती, जणू जन्मापासून इथेच शिकतेय.

"काय चाललंय?" सिस्टर मागून कुजबुजल्या.

"काही नाही. बटण बघत होते."

"एवढा समुद्र ओलांडून बटणं बघायला आलात होय!"

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका, या प्रवासात शिवणबाईंच्या खोलीतल्या सोबतीण. शिवणबाईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं होतं. घरात आता फक्त त्या आणि त्यांचं मशीन. म्हणून परदेशातल्या शाळा पाहून त्यांना मदत देणाऱ्या एका संस्थेच्या जथ्यात त्या स्वखर्चाने येत असत. त्यांच्या संशयी स्वभावाची जथ्यात थट्टा चाले. विमानात पाणी देणाऱ्या मुलीलाही त्यांनी "उकळलंय ना?" असं विचारलं होतं. पण मागच्या वर्षी दुसऱ्या एका देशात, शाळेच्या कपाटात पुढे पुस्तकं आणि मागे नुसत्या विटा रचल्या आहेत, हे त्यांनीच हुडकलं होतं. तेव्हापासून जथ्याचे प्रमुख, म्हणजे साहेब, त्यांना मानू लागले. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा नियम एकच होता: "खोटं एक असो की दहा, सापडलं की शाळा बाद." विटांची शाळा बाद झाली. तिथल्या पोरांचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी गेलं नाही.

आज या शाळेचं छप्पर ठरायचं होतं. साहेब बाहेर वळचणीला टेप लावून मापं घेत होते.

शिवणबाईंची नजर आता वर्गभर फिरू लागली. भिंतीला दप्तरं अडकवायच्या खुंट्या होत्या. वर्ग पोरांनी गच्च भरलेला आणि दप्तरं मात्र मोजकीच. बाकीच्या खुंट्यांवर धूळ बसलेली. मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला खुणेने पाण्याचा माठ कुठे आहे ते विचारत होता. स्वतःच्या शाळेतला माठ माहीत नाही? इथे नक्कीच पाणी मुरत होतं.

त्यांनी मुख्याध्यापिकेला दाराआड गाठलं. सोबत दुभाष्या होता. मूळचा आपल्याकडचाच, पण कैक वर्षं या देशात दुकान चालवणारा गृहस्थ.

"यांना विचारा, ती झग्यातली मुलगी काल खालच्या शाळेत कशी होती?"

दुकानदाराने मान खाजवली. "बाई, तुम्ही हे विचारलं नाहीत आणि मी ऐकलं नाही, असं धरलं तर?"

"विचारा म्हणते ना."

पण विचारायची वेळच आली नाही. शिवणबाईंनी स्वतःच्या गळ्याजवळ बोट टेकवून त्या पोरीकडे पाहिलं, तशी मुख्याध्यापिकेचा चेहरा उतरला. ती तिच्या भाषेत हळूहळू बोलत गेली.

"मुलं उसनी आणलीत, म्हणतात," दुकानदार सांगू लागला. "खालच्या बाईंनी दिली, सकाळी टेम्पोतून. इथली मुलं कमी दिसली तर शाळा बंद होईल. मग उरलीसुरली पोरं ओढा ओलांडून खाली जायची नाहीत. मुलींना तर घरचे पाठवायचेच नाहीत. खाली कोणी पाहुणे आले की या आपली मुलं तिकडे देतात."

"आणि छपराचे पैसे? तेही उसने फिरणार का?"

मुख्याध्यापिकेने फक्त वर बोट केलं. पत्र्याला परातीएवढं भोक होतं, त्यातून आभाळ दिसत होतं. छपराला भोक आहे म्हणून माणूस सच्चा असतो असं नाही, शिवणबाईंच्या मनात आलं. आता बाहेर जायचं आणि साहेबांना सांगायचं, एवढंच उरलं होतं.

त्या निघाल्या आणि दारात थबकल्या. पोरगी अजून मूठ धरून बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण ते हलवायचंही तिला भान नव्हतं.

असं बसणं शिवणबाईंना माहीत होतं.

त्या स्वतः एवढ्याच असताना, शाळेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारगावचे गुरुजी त्यांच्या अंगणात येऊन उभे राहिले होते. "एका दिवसापुरती पोर द्या," ते वडिलांना म्हणाले होते. वडील हसले होते, "न्या की, नाहीतरी घरात बसून खातेच आहे." थोरल्या बहिणीचं परकर-पोलकं नेसवून, कमरेला गाठ मारून त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. नाव दुसऱ्याच मुलीचं सांगायचं होतं. तपासनीस जवळ आले तेव्हा ती गाठ सुटू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. शाळा टिकली. आणि एकच दिवस बाकावर बसलेली ती पोर मग घरी अशी रडली, अशी रडली, की वडिलांनी कंटाळून तिचं नाव त्याच शाळेत घातलं. तिथेच एका बाईंनी तिच्या हातात पहिल्यांदा सुई दिली.

"चला, फोटो! मुलांना बाहेर आणा!" अंगणातून साहेबांनी हाक मारली.

शिवणबाई झटकन पोरीसमोर गुडघ्यांवर बसल्या. गुडघा कुरकुरला. पिशवीतून त्यांनी कात्री काढली, पांढरं रीळ काढलं. आज ते आठवणीने घेतलं होतं. पोरीची मूठ त्यांनी हळूच बाजूला केली. या खेपेला तिने करू दिली. हिरवे टाके कापले, पांढरे घातले, खाली पीळ देऊन गाठ मारली. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहून हे बघत होत्या.

"काल लावलेलं आज उसवताय?"

"नीट बसलं नव्हतं."

"तुमचं? आणि नीट बसलं नव्हतं?" सिस्टरांनी एकदा पोरीकडे बघितलं, एकदा खुंट्यांकडे. मग दारातून मात्र त्या हलल्या नाहीत.

अंगणात रांगा लागल्या. साहेब कॅमेरा डोळ्याला लावणार, एवढ्यात थांबले.

"शिवणबाई, काल तुम्ही एका पोरीला हिरव्या दोऱ्याने बटण लावलंत, मी हसलो होतो. ती हीच तर नव्हे?"

मुख्याध्यापिकेने नजर खाली घातली. दुकानदाराला अचानक खोकला आला.

"तुम्हीच बघा की," शिवणबाई म्हणाल्या.

साहेबांनी वाकून, चष्मा वर करून पाहिलं. "छे, हिचा पांढरा आहे. आपल्याला तर बुवा सगळी पोरं सारखीच दिसतात."

"सारखी नसतात, साहेब," शिवणबाई बोलून गेल्या. मग म्हणाल्या, "काढा फोटो. पोरं उन्हात उभी आहेत."

परतीच्या बसमध्ये साहेब पुढच्या बाकावरून छपराचाच हिशेब सांगत होते. पत्रा किती, अँगल किती.

"झोप लागेल ना आज?" सिस्टरांनी हळूच विचारलं.

"कशी लागेल? छप्पर चढतंय की पैसे खाल्ले जातायत, कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी येऊन स्वतः बघणार आहे. माझा कुणावर विश्वास नाही."

सिस्टरांनी त्यांच्या गुडघ्यावरची वर्गातली धूळ हलकेच झटकली.

बस वळणावर आली तशी आडवाटेने उतरणारी पोरांची ओळ दिसू लागली, खालच्या शाळेकडे निघालेली. शिवणबाईंनी चटकन खिडकीचा पडदा ओढला.

"डोळ्यांवर ऊन येतंय."

"या बाजूला कुठलं आलंय ऊन?" सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या खिडकीचाही पडदा ओढून घेतला.

पडद्याच्या फटीला शिवणबाईंनी डोळा लावला. निळा झगा काढून झाला होता. ती पोर सगळ्यांच्या पुढे होती. तिचा हात आता गळ्याशी नव्हता. दोन्ही हात मोकळे सोडून ती उतारावरून धावत सुटली होती.