अमायलॉइड आणि विंटर टायर

२०१८ सालची गोष्ट. कॅल्गरीत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच ढीगभर बर्फ पडला, त्या वर्षीची.

सुनंदाबाईंना विसरायला होऊ लागलं होतं आणि त्या एका नव्या औषधाच्या चाचणीत होत्या. महिन्यातून एकदा हाताला सुई लावून बाटली चढवायची. बाटलीत औषध आहे की मिठाचं पाणी, ते कुणालाच सांगत नसत. औषध असलंच, तर मेंदूत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन धुऊन निघणार होतं. सुनंदाबाईंना त्याचं फारसं काही नव्हतं. त्यांना आवडायची ती तिथली खुर्ची. पाय वर करून पडायचं, नर्स गरम पांघरूण घालायची आणि निदान तासभर कुणी डोकं खात नसे.

घरी डोकं खाणारे दोघे होते. नवरा नंदकुमार, रिटायर्ड इंजिनियर, औषधाच्या बाजूचे. त्यांचे जुने मित्र हेमचंद्र, रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट, विरुद्ध बाजूचे.

"स्कॅन स्वच्छ झाला म्हणजे माणूस सुधारला असं नाही," हेमचंद्र म्हणायचे. "वर काहींच्या मेंदूला सूज येते. वहिनी, सोडा ते."

"गाळ काढला की पाणी वाहणारच."

"मेंदू म्हणजे तुझी पाइपलाइन नाही रे, नंदू."

शेवटी एका रविवारी चहावर ठरलं. सुनंदाबाईंना अलीकडचाच एक प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं तर बाटली चालू, चुकलं तर बंद. खुर्ची जाणार म्हणून सुनंदाबाई कप खाली ठेवून सावरून बसल्या.

"परवाच्या बर्फात नंदूची गाडी घसरून शेजाऱ्याच्या कुंपणात घुसली," हेमचंद्र म्हणाले. "बर्फासाठीचे विंटर टायर इतक्यात नकोत, असं कोण म्हणालं होतं?"

ही चूक दोघे रोज एकमेकांवर ढकलत होते.

"हेच म्हणाले, भाऊजी," सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "दुसरं कोण?"

नंदकुमारांचा चेहरा आधी पडला, मग उजळला. "बरोबर. मीच म्हणालो. बघ, लख्ख आठवतंय हिला."

हेमचंद्र खूश होता होता थांबले. "छे, मी म्हणालो होतो. वहिनी चुकल्या."

"तू तर टायर बदल म्हणून मागे लागला होतास."

"मी? माझ्यासारखा कंजूष माणूस? माझी चूक ढापू नकोस."

नंदकुमार उठले, चिवड्याचा डबा घेतला आणि थेट शेजाऱ्याकडे जाऊन गुन्हा कबूल करून आले. हेमचंद्रांनी हार मानली. बाटली चालू राहिली.

स्वयंपाकघरात हेमचंद्रांच्या बायकोने, उल्काने, हळूच विचारलं, "खरंच आठवलं?"

"कुठलं गं? मला तर कुंपणही आठवेना. पण चूक कोणाची विचारलं की यांचं नाव सांगावं, बहुधा बरोबर येतं."

पुढच्या मार्चमध्ये उपयोग दिसत नाही म्हणून चाचणीच बंद झाली. हेमचंद्र रुबाबात फिरू लागले. ऑक्टोबरमध्ये कंपनी म्हणाली, जास्त डोस मिळालेल्यांना थोडा उपयोग झाला असावा. मग रुबाब नंदकुमारांकडे आला. बाटलीत काय होतं ते सांगायला फोन आला, तो सुनंदाबाईंनी घेतला आणि काय सांगितलं ते विसरल्या. खरंच विसरल्या का, अशी उल्काला अजून शंका आहे.

पुढे हेमचंद्र आणि उल्का मुलीजवळ विंडसरला गेले. दोघे मित्र फोनवर भांडतात. नंदकुमार वरणभात शिकले. वरण पातळ होतं. सुनंदाबाई हल्ली नवऱ्यालाच भाऊजी म्हणतात, आणि नंदकुमार ओ देतात.