कच्चा धावदोरा

मास्तरांचं शिलाईचं दुकान म्हणजे जिन्याखालची दहा बाय आठची खोली, आणि मास्तरांची जीभ म्हणजे त्यांच्या कात्रीची सख्खी बहीण. गिऱ्हाइकाला कपड्याची तारीख दिली की काळ्या दगडावरची रेघ. घरच्यांना मात्र कायम 'उद्या'.

त्यांची लेक ठमी दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. दर रविवारी फोन व्हायचा. 'जेवलीस का?' 'जेवले.' 'थंडी आहे का?' 'आहे.' इथं दोघांचाही दोरा संपायचा. म्हणून एका रिकाम्या दुपारी मास्तरांनी मोबाइलवर तिची जुनी लाडकी जपानी अ‍ॅनिमे मालिका लावली. बोलायला काहीतरी विषय मिळेल, एवढीच आशा.

मालिका कसली, डोक्याला ताप! आभाळात मासे पोहतात, घरांना दारं नाहीत, आणि कोट घातलेली एक मुलगी अवाक्षर न काढता नुसती चालत राहते. तिच्या डाव्या खांद्यावर सतत एक पांढरा दोरा दिसतो. कॉलेजात असताना ठमीनं या दोऱ्यावर वह्या भरल्या होत्या. इंटरनेटवर लोक त्यावरून हमरीतुमरीवर यायचे. कुणी म्हणे ती नाळ, कुणी म्हणे मरण, कुणी म्हणे आठवण. एकदा ती मशीनपाशी येऊन म्हणाली होती, "बाबा, बघा ना, या दोऱ्याचा अर्थ काय असेल?"

मास्तरांनी मानही वर केली नव्हती. "कार्टूनला कसला आलाय अर्थ? सरक, उजेड अडवू नकोस."

आता त्यांनी चित्र थांबवलं, चष्मा पुसला. लांब लांब टाके, शेवटी गाठ नाही. कसली नाळ नि कसलं मरण! चाळीस वर्षं ते हेच तर घालत आले होते. कच्चा धावदोरा. बाही नुसती अडकवलेली, ट्रायल व्हायची राहिलेली. कुणीतरी 'उद्या ये' म्हणालंय आणि पोरगी अर्धवट शिवलेला कोट घालून गावभर फिरतेय.

मास्तरांची नजर दाराआडच्या खुंटीकडे गेली. तिथं ठमीचा निळा कोट होता, कच्च्या दोऱ्यावर दोन वर्षं लटकलेला. जाण्याआधी ती तीनदा ट्रायलला आली होती. तिन्ही वेळा गिऱ्हाइकांची कामं आहेत म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. शेवटी ती बाजारातून तयार कोट घेऊन गेली. मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

रविवारची वाट न बघता त्यांनी फोन लावला.

"अगं ठमे, तो दोरा! कच्चा धावदोरा आहे तो. तिच्या कोटाची ट्रायल राहिलीय!"



"मला माहीत होतं, बाबा," ठमी म्हणाली. "दुकानातच वाढलेय मी. पहिल्याच भागात ओळखलं होतं."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुम्ही सांगावं म्हणून."

मास्तरांनी खुंटीवरचा कोट खाली काढला. "तुझा कोट आजच पुरा करतो. बाकी सगळी कामं गेली खड्ड्यात."

"राहू दे, बाबा. माप बदललंय माझं." हे ती रागानं म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "जेवलात का?"

"जेवलो," मास्तर म्हणाले आणि नेहमीसारखा फोन ठेवला.

नवं माप विचारायचं राहूनच गेलं.