कुलूपवाल्याचं हसू

“विकण्याचं कारण काय लिहू?” कंपनीच्या वकीलबाईंनी विचारलं. “वर्तमानपत्रांना दोन ओळी द्याव्या लागतील.”

साहेब काचेच्या टेबलाकडे बघत बसले होते. समोर कागदांची चळत होती. पाच सिनेमे, त्यातलं ते पात्र, त्याची हत्यारांची पेटी, त्याची शीळ, सगळं त्या चळतीत होतं. एक सही झाली की ‘कुलूपवाला’ कंपनीचा.

“वय झालं, असं लिहा,” साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “वहीताई, आधी त्याच्याकडे जाऊन येऊ.”

तासाभरात येतो, असं वकीलबाईंना सांगून आम्ही दोघं म्हातारी माणसं शाळा बुडवणाऱ्या पोरांसारखी लिफ्टमध्ये शिरलो.

साहेब दिग्दर्शक, मी त्यांची कंटिन्युइटीची बाई. आधीच्या शॉटमध्ये शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं, पेल्यात पाणी किती होतं, टेक किती झाले, हे सगळं वहीत टिपून ठेवणं हे माझं काम. एकतीस वर्षं केलं. म्हणून सगळ्यांची वहीताई. पडद्यावर माझं नाव अगदी शेवटी येतं, लोक खुर्चीखाली चपला शोधत असतात तेव्हा.

‘कुलूपवाला’ मात्र घराघरात माहीत. किल्ली हरवलेल्यांच्या दारी तो येतो, कुलूप उघडतो आणि जाता जाता त्या घरातलं भांडणही मिटवून जातो. ते काम करणारे नट आधी एका गोदामात कारकून होते. पहिल्या सिनेमानंतर त्यांचं नावच पुसलं गेलं. बाजारात, दवाखान्यात, जिथे जातील तिथे “अहो कुलूपवाले!” बायको रागावली की तीसुद्धा तशीच हाक मारते.

साहेब ही मालिका का विकतायत, यावर आमच्या धंद्यात सगळ्यांचे अकलेचे तारे तोडून झाले होते. मुलाशी पटत नाही, नवीन काही सुचत नाही, तब्येत ढासळलीय. मी कुणालाच काही बोलले नाही. कारण मला माहीत होतं, आणि त्यात माझाही वाटा होता.

“सांगायला जमेल ना गं?” गाडीत साहेबांनी विचारलं.

“न जमायला काय झालं? तोंड आहे ना!” मी फटकन म्हटलं.

कुलूपवाल्यांनीच दार उघडलं. केस नुकतेच काळे केलेले, पोट आत गेलेलं, दातसुद्धा नवे.

“साहेब! अहो, कळवायचं तरी!” त्यांनी आत वळून हाक मारली, “अगं, बघ कोण आलंय! मी म्हणत नव्हतो, यंदा येणार म्हणून?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, रोज पाच किलोमीटर चालतो. सहाव्या सिनेमात जिने चढायचे असतील ना, डुप्लिकेट नको मला. आधीच सांगून ठेवतो.”

साहेब खुर्चीच्या कडेवर टेकले. वहिनी पाणी घेऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

“सहावा मी करत नाहीये,” साहेब म्हणाले. “मी सगळं विकतोय. कंपनी करेल.”

“म्हणजे नवा माणूस घेतील.”

“हो.”

कुलूपवाल्यांनी मान हलवली. नवे दात ओठांआड गेले. “तुमचं आहे ते, साहेब. तुम्ही काय ते विचार करूनच केलं असेल. पण का? माझं काही चुकलं का?”

मला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

दुसऱ्या सिनेमातला तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. म्हातारीचं दार तीन दिवस अडकलेलं असतं, कुलूपवाला ते उघडतो आणि आतली म्हातारी त्यालाच विचारते, “कोण पाहिजे?” तेव्हा तो जो हसतो, त्या हसण्यावर आम्ही सगळे जगलो. जाहिरातींत तेच, पोस्टरवर तेच. तो शॉट घेत होतो त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी स्टुडिओच्या ऑफिसात फोन वाजला आणि तो मी उचलला. कुलूपवाल्यांच्या आईच्या शेजारचे काका बोलत होते. आईला अस्वस्थ वाटतंय, मुलाला बोलावतेय, लगेच पाठवा. घर तिथून अर्ध्या तासावर. मी धावत जाऊन साहेबांच्या कानात सांगितलं. साहेबांनी एकदा सेटकडे पाहिलं. सेट संध्याकाळी मोडायचा होता, दुसऱ्या दिवशी जागा दुसऱ्यांना दिलेली. “हा एक शॉट होऊ दे,” ते म्हणाले. आमच्याकडे तशी पद्धतच होती. शॉट संपेपर्यंत नटाला बाहेरचा निरोप द्यायचा नाही, नाहीतर चेहरा बदलतो. एकाचे सात टेक झाले. सव्वादोनला साहेबांनी कुलूपवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आत्ताच फोन आला.” कुलूपवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आई दीड वाजता गेली होती.

साहेबांनी त्या दिवशी स्वतःची गाडी दिली. बस, तेवढं मात्र कुलूपवाल्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं. प्रत्येक मुलाखतीत, “साहेब देवमाणूस, निरोप येताच स्वतःची गाडी काढून दिली.” दोन महिन्यांपूर्वी त्यांचा सत्कार झाला, तिथेही त्यांनी तेच सांगितलं आणि साहेबांना जागेवर उभं करून सगळ्या सभागृहाला टाळ्या वाजवायला लावल्या. साहेब उभे राहिले. मी शेजारच्याच खुर्चीत होते, मीही टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “हे जोवर माझं आहे, तोवर त्या हसण्याची शाबासकी मलाच मिळणार. आता नाही सोसत.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीला फोन केला.

हे सगळं साहेबांनी त्या खुर्चीच्या कडेवर बसून सांगितलं. अडखळत सांगितलं, पण काही गाळलं नाही. अकरा वाजून दहा मिनिटं म्हणाले. शॉटसाठी थांबवलं म्हणाले. “वहीताईनं येऊन सांगितलं होतं, तिचा दोष नाही,” असंही म्हणाले. दोष नाही हे खोटं होतं, पण मी तोंड उघडलं नाही.



“शेजारचे काका मला सांगत होते,” कुलूपवाले म्हणाले. “अकराला केला रे फोन, अकराला केला. मी म्हटलं, खोटं बोलताय. तुम्हीच उशीर केलात. भर माणसांत बोललो त्यांना. नंतर कधी त्यांच्या दारात गेलो नाही. ते गेले तेव्हाही नाही.”

“चूक माझी होती,” साहेब म्हणाले.

“हो,” कुलूपवाले म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी मला विचारलं, “ताई, सिनेमात कितवा टेक ठेवला?”

साहेबांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. एडिटिंगच्या टेबलाशी त्यांच्या शेजारी मीच बसले होते. पहिला टेक ठेवला होता. पहिल्याच टेकला कुलूपवाले असे हसले होते की लाइटवालेही हसले. तो संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते. तेव्हा सोडलं असतं तर बाराला ते आईजवळ असते. बाकीचे सहा टेक साहेबांना आणखी चांगलं पाहिजे होतं म्हणून घेतले, आणि सहाच्या सहा फेकून दिले.

“सातवा,” मी म्हटलं.

साहेबांनी मान डोलावली.

“मग ठीक आहे,” कुलूपवाले म्हणाले. एक श्वास सोडून ते सरळ बसले. “म्हणजे सातही लागले. मला तेव्हाच वाटलं होतं, सातवा बरा झालाय म्हणून. आधीच्या सहात कुलूपच नीट लागत नव्हतं हाताला.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. “आईला मी सांगायचो, काम नीट झाल्याशिवाय येणार नाही. ती म्हणायची, नकोच येऊस.”

वहिनी दारातून माझ्याकडे बघत होत्या. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. एवढी वर्षं हीच नजर चुकवत आले होते, आज ती चुकवायलाही जागा नव्हती. मी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.

साहेब उठले.  कुलूपवाल्यांनीच त्यांचा हात हातात घेतला. “करून टाका सही,” ते म्हणाले. “नव्या माणसाला एवढं सांगा, कुलूप उघडलं की आधी दाराकडे बघायचं, मग हसायचं. माझं पहिल्यांदा उलटं होत होतं.”

ते आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. साहेब जिन्याचा कठडा धरून उतरायला लागले. मागे वळून बघायची आमची दोघांचीही हिंमत नव्हती. आम्ही पहिल्या वळणावर पोचलो, तेव्हा वरून कठड्यावर ओणवून त्यांनी हाक दिली.

“साहेब, जपून. खालची तिसरी पायरी तुटलेली आहे. ताई, त्यांना धरा हं.”